अर्ध्या ग्रॅमवरचं कासव

सोन्याच्या भावाने आमच्याकडची आहेराची भाषा बदलून टाकली आहे. बारशाला बाळाच्या गळ्यात अर्ध्या तोळ्याची साखळी घालणारी घरं दापोली-हर्णैच्या पट्ट्यात आजही असतील, पण आमच्या नात्यागोत्यात आता सरळ ‘अर्धा ग्रॅम’ म्हणतात. जाड कार्डात, पारदर्शक प्लास्टिकखाली बसवलेलं, करंगळीच्या नखाएवढं नाणं. कधी चार-पाच जणी मिळून वर्गणी काढतात आणि एक ग्रॅमचं घेतात. ग्रॅममागे हिशेब केला तर नाणं जितकं लहान तितकी त्याची घडणावळ जड पडते, कारण ठसा मारण्याचे आणि पाकिटात घालण्याचे कष्ट पाच ग्रॅमला जेवढे, तेवढेच अर्ध्या ग्रॅमलाही. पण एकरकमी पाच ग्रॅम घ्यायची ऐपत किती जणांची? मासळीच्या धंद्यातल्या, आंब्याच्या एका हंगामावर वर्ष काढणाऱ्या घरांना हे लहान नाणंच जमतं. त्यामुळे पुढच्या पिढीच्या हातात सोनं म्हणून जे पडणार आहे ते बहुधा हेच.

म्हणून या नाण्यावर चित्र कशाचं असावं, हा प्रश्न मला हल्ली मनापासून महत्त्वाचा वाटतो.

तो पहिल्यांदा पडला माझ्या पुतणीच्या बारशाला. माझा मामेभाऊ पर्थला असतो. तो आला तो ऑस्ट्रेलियातलं अर्ध्या ग्रॅमचं नाणं घेऊन. बायकांच्या घोळक्यात ते कार्ड हातोहात फिरलं. एका बाजूला इंग्लंडच्या राणीचा मुखवटा होता, तो पाहून आत्या खूश झाल्या, “राणीछाप आहे की गो!” म्हणाल्या. मग त्यांनी कार्ड उलटलं. उलट्या बाजूला उडी घेतलेलं कांगारू. आत्या थोडा वेळ बघत राहिल्या आणि विचारलं, “ह्याच्यावर देव कुठाय?”

मामेभावाने समजावलं, की तिकडे नाण्यावर त्यांच्या रानातला प्राणी असतो. आत्यांचा पुढचा प्रश्न लगेच तयार होता, “मग आपल्या रानातला कुठल्या नाण्यावर असतो?” त्याला उत्तर देता आलं नाही. मलाही नाही. ती गोष्ट डोक्यात राहिली.

बारशानंतर वहिनींनी ते नाणं वजन करून बघायला माझ्याजवळ दिलं. आमचे सोनारकाका दापोलीच्या बाजारात बसतात, जुन्या वळणाचे. त्यांच्याकडे अजून पितळी डब्यात जुन्या गुंजा आहेत, लाल अंगाच्या, काळ्या डोळ्याच्या. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याच्या शहाण्णव गुंजा. आमच्याकडे कुंपणावर ही वेल आपोआप वाढते आणि शेंग तडकली की बिया खाली सांडलेल्या दिसतात. तोळा 11.66 ग्रॅमचा धरला तर एक गुंज साधारण 0.12 ग्रॅमची होते. म्हणजे तो अख्खा ऑस्ट्रेलियन प्राणी आमच्या कुंपणावरच्या चार गुंजांहून जेमतेम जास्त भरतो. काकांनी कार्ड फोडू दिलं नाही. “फोडलंत की त्याचं नाणेपण गेलं, मग माझ्यासारखा वजनाचं सोनं म्हणूनच घेणार,” म्हणाले. त्यांनी भिंग दिलं आणि दिवा जवळ ओढला.

भिंगाखाली मी ते बराच वेळ बघितलं. मागची जमीन आरशासारखी गुळगुळीत, आणि तिच्यातून वर आलेलं कांगारूचं अंग किंचित खरखरीत, त्यामुळे उजेड दोघांवर वेगवेगळा पडतो आणि प्राणी जमिनीपासून सुटा दिसतो. लांब शेपटीचा बाक, मागच्या पायाची ताणलेली शीर, टवकारलेले कान. एवढ्याशा जागेत कोरणाऱ्याने काय सोडायचं आणि काय ठेवायचं हे नीट ठरवलेलं होतं. लव एकेक केसाने दाखवायचा हट्ट नाही, पण उडी मात्र पूर्ण. कडेला वजन आणि सोन्याचा कस, 9999. चार नऊ म्हणजे दहा हजारांत एक भाग सोडून सगळं चोख. असं सोनं मऊ असतं, नखानेही चरा जाईल अशी भीती वाटते, म्हणून ते कार्डात कोंडलेलं. दागिना करायचा तर त्यात तांबं-चांदी मिसळून बावीस कॅरेटवर आणावं लागतं.

मग मी या प्राण्यांच्या मागेच लागले. जे कळत गेलं ते मला फार रंजक वाटलं.

गुंतवणुकीसाठी पाडलेल्या सोन्याच्या नाण्यांची आजची चाल दक्षिण आफ्रिकेने सुरू केली. 1967 साली त्यांनी क्रुगरँड काढलं. एका बाजूला तिकडचे जुने राष्ट्राध्यक्ष पॉल क्रुगर, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगबॉक हे त्यांच्या गवताळ माळांवरचं हरीण. हे नाणं बावीस कॅरेटचं आहे, त्यात एक औंस म्हणजे 31.1 ग्रॅम शुद्ध सोनं, आणि तांबं धरून एकूण वजन 33.93 ग्रॅम. तांब्यामुळे त्याला आपल्या गिनीसारखी तांबूस झाक येते. अर्ध्या, पाव आणि एक दशांश औंसाची लहान भावंडं 1980 साली आली. पुढे वर्णद्वेषी राजवटीवर बहिष्कार पडला, 1985 साली अमेरिकेने क्रुगरँडची आयात बंद केली, आणि बाजारातल्या त्या मोकळ्या जागेसाठी इतर देशांची नाणी पुढे सरसावली. चीनचा पांडा 1982 पासून होताच. ऑस्ट्रेलियाचं नाणं 1986 सालचं. ते पाडणारी पर्थची टांकसाळ मात्र जुनी, 1899 सालची, कूलगार्डी-कॅलगुर्लीच्या खाणींचं सोनं तिथल्या तिथे नाण्यात उतरवण्यासाठी उभारलेली. गंमत म्हणजे सुरुवातीच्या त्या नाण्यांवर प्राणी नव्हताच, खाणीत सापडलेल्या सोन्याच्या प्रसिद्ध ढेकळांची चित्रं होती. 1989 साली ढेकळं गेली आणि कांगारू आलं, ते आजतागायत आहे.

ढेकळापेक्षा कांगारू का चाललं असावं, याचं उत्तर मला आत्यांच्या हातातलं कार्ड आठवून मिळतं. ढेकूळ कुठल्याही देशाचं असू शकतं. कांगारू बघितलं की लिहिता-वाचता न येणारा माणूससुद्धा देश ओळखतो. सोन्याच्या व्यवहारात सगळा भरवसा ओळखीवर चालतो, आणि ज्या प्राण्याचं घर जगात एकाच ठिकाणी आहे तो त्या भरवशाची खूण होतो. पांडाचंही तेच. चीनने त्याचं चित्र जवळजवळ दरवर्षी बदललं. कधी बांबू खाणारा, कधी पिल्लाला कवटाळलेला, कधी झाडावर चढलेला. लोक वर्षावर्षाचे पांडे जमवतात. 2016 साली त्यांनी औंस सोडून ग्रॅमचं माप धरलं, 30, 15, 8, 3 आणि 1 ग्रॅम. सर्वांत लहान पांडा फक्त दहा मिलिमीटर रुंद आहे. त्याच वर्षी धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत खऱ्या पांडाचा दर्जा ‘संकटग्रस्त’वरून एक पायरी सुधारून ‘असुरक्षित’ झाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध नाही. पांडा सुधारला तो राखीव जंगलांमुळे आणि शिकारीला बसलेल्या आळ्यामुळे. तरी एका देशाने एकाच प्राण्याला जंगलात जपावं आणि सोन्यातही मिरवावं, हे मला आवडतं.

आपल्याकडे सोन्यावर प्राणी नव्हते असं नाही. गुप्तांच्या सुवर्णनाण्यांवर प्राण्यांची रेलचेल आहे, पण कशी? समुद्रगुप्त वाघाला मारतोय, दुसरा चंद्रगुप्त सिंहाला मारतोय, पहिला कुमारगुप्त घोड्यावरून गेंड्यावर चालून जातोय. 1946 साली राजस्थानात बयाण्याजवळ सापडलेल्या घबाडात अशी 1,800हून अधिक नाणी होती. कोरीवकाम असं की बघत राहावं. पण त्यात प्राणी येतो तो बहुतेक वेळा राजाचा पराक्रम सांगायला. एक अपवाद मला मनापासून भावतो, कुमारगुप्ताचं मोराचं नाणं. त्यात तो मोराला खाऊ घालतो, आणि मागच्या बाजूला मोरावर बसलेला कार्तिकेय आहे. दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हात पुढे केलेला राजा आणि चोच पुढे केलेला पक्षी नाण्यावर कोरला. मला विचाराल तर आपल्या नाण्यांच्या इतिहासातलं ते सर्वांत सुंदर चित्र.

नंतरचं सगळं हलक्या धातूत. 1947च्या निकेलच्या रुपयावर वाघ होता. 1988 पासूनच्या स्टीलच्या चार आण्यांवर गेंडा होता, तो आमच्या पिढीने खाऊच्या पैशांत हाताळला, आणि 2011 साली पंचवीस पैसेच चलनातून गेले. सोन्याचं सरकारी नाणं आलं ते 2015च्या नोव्हेंबरात, एका बाजूला अशोकचक्र, दुसऱ्या बाजूला महात्मा गांधी. सुरुवातीला 5 आणि 10 ग्रॅमची नाणी आणि 20 ग्रॅमचं बिस्किट. त्यावर गांधीजी आहेत याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण आत्यांचा प्रश्न तिथेही अनुत्तरित राहतो.

खरं तर उत्तर आमच्या घरातच होतं. माझ्या सासूबाईंचा कोल्हापुरी साज होता. साजात जी पानं ओवतात त्यांत चंद्र, कमळ, भुंगा, वाघनख यांच्या जोडीला मासा असतो आणि कासव असतं. वरून सोन्याचा पातळ पत्रा, आत लाख भरलेली, त्यामुळे दिसायला भरीव आणि अंगावर हलका. लहान असताना माझी मुलगी आजीच्या मांडीवर बसून ती पानं एकेक करून मोजायची आणि कासवापाशी थांबायची. धाकट्या दिरांच्या होडीला इंजिन घ्यायचं होतं तेव्हा तो साज मोडला. लाखेचं वजन वजा होऊन जे उरलं ते इंजिनात गेलं. सासूबाईंना साज गेल्याचं फारसं वाईट वाटलं नाही, होडी चालली याचा आनंद जास्त होता. किनाऱ्यावरच्या घरांत सोनं अशा कामासाठीच असतं. पावसाचा जोर ओसरल्यावर नारळीपौर्णिमेला होड्या पुन्हा पाण्यात जायच्या आधी जाळी, डिझेल, खलाशांची उचल यासाठी गहाण पडतं आणि हंगाम बरा गेला तर सुटतं. पण त्या दिवसापासून आमच्या घरातलं सोन्याचं कासव गेलं ते गेलंच.

दगडाचं कासव मात्र सगळीकडे आहे. देवळात गाभाऱ्यापुढे जमिनीत बसवलेलं, येता-जाता आपण त्याला हात लावून नमस्कार करतो. हल्ली बोटात कासवाची अंगठी घालायची चाल आलीय, तीही सोनारकाकांकडे भरपूर खपते. म्हणजे कासव सोन्यात घालायला आपल्या लोकांची ना नाही.

आणि खरं कासव आमच्या किनाऱ्यावर येतं. वेळासला, आंजर्ल्याला, केळशीला, गुहागरला. ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री वाळूत येते, मागच्या पायांनी खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवते आणि मागे वळूनही न बघता समुद्रात जाते. पूर्वी ती अंडी कोल्ह्या-कुत्र्यांच्या आणि माणसांच्या पोटात जायची. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासमध्ये गावकऱ्यांना हाताशी धरून घरटी राखायचं काम सुरू केलं, भाऊ काटदरे त्यात पुढे होते. पुढे वनखातं आलं, गावोगाव कासवमित्र नेमले गेले. कासवमित्र पहाटे वाळूवरची खूण शोधत किनारा चालतात, अंडी काढून कुंपणातल्या खड्ड्यात तशीच पुन्हा पुरतात. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं वर येतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, कमी तापली तर नर.

आंजर्ल्याला मी एका पिल्लाला अगदी जवळून पाहिलंय. टोपली बाजूला केली तेव्हा ते वाळूतून अर्धं वर आलेलं होतं. रंग ओल्या पाटीसारखा करडा, डोळ्यांवर वाळू, पाठीवरच्या ढालींच्या कडा अजून मऊ. पुढचे वल्ह्यासारखे पर अंगाच्या मानाने इतके लांब की चालताना ते स्वतःच्याच परांवर ओणवं होत होतं. पिल्लांना थेट पाण्यात सोडत नाहीत. थोडं अलीकडे वाळूवर ठेवतात आणि चालत जाऊ देतात. लाटेने त्याला एकदा उलटं फेकलं, ते सरळ झालं आणि पुन्हा निघालं. आमच्या शेजारी उभ्या असलेल्या एक मासे विकणाऱ्या बाई मोठ्याने म्हणाल्या, “जा बाय, जा!” त्यांच्या गळ्यात बोरमाळ होती, हात जोडलेले होते.

2022च्या जानेवारी-फेब्रुवारीत वनखात्याच्या कांदळवन कक्षाने आणि भारतीय वन्यजीव संस्थेने पश्चिम किनाऱ्यावर पहिल्यांदाच अशा माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रं बसवली. त्यांना नावंही दिली. वेळासची प्रथमा, आंजर्ल्याची सावनी, आणि गुहागरकडच्या रेवा, वनश्री आणि लक्ष्मी. लक्ष्मी! ते नाव वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. आत्यांना सांगितलं की गुहागरच्या समुद्रात लक्ष्मी नावाचं कासव आहे, तेव्हा त्यांनी जागच्या जागी हात जोडले. नाण्यावर देव कुठाय, हा प्रश्न त्यांच्यापुरता तिथेच मिटला.

कोकणात सोन्यावर घेण्यासारखे जीव कमी नाहीत. बंदरावरच्या उंच झाडावर घरटं करणारा सागरी गरुड आहे, रायवळ आंब्याच्या ढोलीत कोंडून घेणारी धनेशाची मादी आहे, रात्रीचं फिरणारं खवले मांजर आहे. खवले मांजराचं चित्र सुंदर दिसेल, पण मला त्याची भीती वाटते. त्याच्या खवल्यांत औषधी गुण आहेत या खोट्या समजापायी त्यांना मोठा भाव येतो आणि ते मारलं जातं. खवले म्हणजे आपल्या नखांचाच पदार्थ, पण हाव ऐकत नाही. त्याला सोन्याच्या जवळपासही आणू नये असं माझं मत आहे.

एक अडचण मात्र खरीच आहे. सोनं जमिनीतून येतं, आणि ते काढायला डोंगर फोडतात, पारा-सायनाइड वापरतात, पाणी नासतं. ज्याने रानं जातात त्या धातूवर रानातला जीव काढायचा, हे मला नुसतं चित्र म्हणून पटत नाही. 1970च्या दशकात जागतिक वन्यजीव निधीला हातभार लागावा म्हणून अनेक देशांनी संवर्धनाची नाणी काढली होती, प्रत्येक देशाचं एक सोन्याचं आणि दोन चांदीची. नेपाळच्या सोन्याच्या नाण्यावर गेंडा आला, पाकिस्तानच्या नाण्यावर मारखोर आला. विक्रीतला वाटा प्राण्यांच्या कामाला जायचा, ते मला रास्त वाटतं. आणि आपल्याला तर नवीन सोनं लागणारच नाही. घराघरांत तुटलेल्या कुड्या, एकच उरलेलं कर्णफूल, झिजलेलं वळं पडून असतं. ते आटवून अर्ध्या ग्रॅमचं नाणं होतं. कोलारची खाण 2001 साली बंद झाली. आमच्या घरातल्या जुन्या डब्यात तिथलंच सोनं नसेल कशावरून?

हे सगळं मी सोनारकाकांशी बोलले. त्यांनी आधी कायदा सांगितला. नाणं पाडायचा हक्क फक्त सरकारचा, पेढीवर मिळतं त्याला आपण नाणं म्हणतो पण ते खरं तर पदक. त्यावर रुपये लिहायचे नाहीत. दुसरं, पर्थचं कांगारू जगात कुठेही ओळखतील, “माझं कासव मात्र माझ्या पेढीवर, फार तर खेडपर्यंत चालेल. पुढे ते नुसतं सोनं.” मला ते मान्य आहे. बारशाचं सोनं विकायला न्यायची वेळ येऊ नये, आली तर वजन आहेच.

मग त्यांनी खणातून अंगठीवरच्या कासवाचा ठसा काढून दाखवला. गोल पाठ, चार आखूड पाय, नखं. हे तळ्यातलं कासव. देवळातलंही तसंच, साजातलंही तसंच. मी त्यांना फोनवर आंजर्ल्याचं पिल्लू दाखवलं. या समुद्री कासवाला नखांचे पाय नाहीत, पर आहेत, आणि पाठीच्या मधल्या रांगेच्या दोन्ही बाजूंना सहा-सात ढाली, बऱ्याचदा दोन्हीकडे सारख्याही नाहीत. काकांनी चष्मा सारखा करून फोटो मोठा केला. अकरा मिलिमीटरच्या गोलात एवढ्या रेघा काढल्या तर ठशात भरून जातील, मऊ सोन्यात दोन रेघांमध्ये श्वास घ्यायला जागा लागते, असं म्हणाले. शेवटी पाचावर तडजोड झाली. पर मात्र पूर्ण, लांबच्या लांब, कडेला टेकतील असे. तोंड कुठे करायचं यावर जास्त वेळ गेला. अंगठीत कासवाचं तोंड घालणाऱ्याकडे असतं, म्हणजे पैसा घरात येतो अशी समजूत. हे कासव बाहेर चाललंय, तेव्हा तोंड बाहेर. काका हसले नाहीत, वहीत बाण काढून ठेवला. मागची बाजू कोरी ठेवायची, तिथे बाळाचं नाव आणि तारीख.

ठसा कोल्हापूरच्या गुजरीतून, म्हणजे सराफांच्या पेठेतून, करून येईल. आधी तांब्यावर उठवून बघायचा, पसंत पडला तर सोन्यावर. एका वेळी पाच नाण्यांखाली मजुरी परवडत नाही. नात्यातली चार घरं तयार झाली आहेत, सगळी मोडीचं सोनं देणार आहेत. पाचवं नाणं मी एका कासवमित्राच्या नातीसाठी घेतेय. तिचं बारसं माघात आहे.